मोटारगाडीचे स्प्रिंग आणि डॅम्पर : नवे बसवितांना काय पाहावें

मोटारगाडी खड्ड्यावरून गेली म्हणजे चाकाचा धक्का प्रथम स्प्रिंग झेलते. परंतु झेललेली शक्ति ती लागलीच परत देते, आणि गाडी झोपाळ्याप्रमाणें वरखालीं होऊं लागते. हे हेलकावे आवरण्याचें काम डॅम्परचें; यासच आपण शॉक अॅब्सॉर्बर म्हणतों. त्याच्या नळींतील तेल बारीक छिद्रांतून जातांना तापतें, व धक्क्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते.

साध्या डॅम्परचा प्रतिकार कायमचा ठरलेला असतो. कांहीं गाड्यांत मात्र तो क्षणोक्षणीं बदलतो. २००२ सालीं कॅडिलॅक सेव्हिल या अमेरिकन गाडींत लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळलेलें तेल चुंबकीय क्षेत्रानें घट्ट करण्याची युक्ति योजिली गेली. २००८ सालच्या फोक्सवॅगन पासाट सीसी गाडींत विजेची झडप तेलाची वाट रुंद-अरुंद करिते. दोहोंतही हालचाल मोजणारीं साधनें असून, त्यांवरून संगणक डॅम्परला हुकूम देतो.

अशी गाडी अधिक खालीं बसावी, वळणावर कमी कलावी, म्हणून हौशी लोक दुसऱ्या कारखान्याच्या ताठ स्प्रिंगा बसवितात. विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित पाहावें. हेलकावे पूर्वीइतकेच आवरण्यास लागणारा प्रतिकार ताठपणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. ताठपणा शेंकडा २० वाढला तर प्रतिकार शेंकडा साडेनऊ अधिक लागतो. ताठपणा दुप्पट झाला तर १.४१ पट. थोडी वाढ असे डॅम्पर बहुधा सामावून घेतात. मोठी वाढ झेपत नाहीं. संगणकास तर स्प्रिंग बदलल्याची वार्ताही नसते. तो जुन्याच हिशेबानें हुकूम देत राहतो.

शिवाय गाडी जितकी खालीं उतरवावी, तितकी चाकास वर जाण्याची जागा कमी होते. भर वळणावर खड्डा लागून सस्पेन्शन रबरी अडथळ्यावर आपटलें, कीं टायरची पकड क्षणभर सुटूं शकते. मागें मुलें बसलेलीं असतां तो क्षण फार महाग पडेल.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम टायर, रबरी बुश व जुने डॅम्पर तपासावे; पुष्कळदां दोष तेथेंच असतो. कल कमी करावयाचा असल्यास जाड अँटीरोल बारचा विचार करावा. त्यानें गाडीची उंची कमी होत नाहीं. स्प्रिंगाच हव्या असतील, तर या डॅम्परसाठीं म्हणून बनविलेल्या घ्याव्या. डॅम्परही बदलावयाचे असतील, तर मूळच्या तारा जोडतां येतील असे पाहावे. जर्मनीचे बिलस्टाइन व केडब्ल्यू हे कारखाने असे डॅम्पर करितात. साधे डॅम्पर बसविल्यास दोषदर्शक दिवा लागूं नये म्हणून निराळें उपकरण जोडावें लागतें, आणि जिच्यासाठीं अधिक पैसे मोजले ती सोयच जाते.

काम झाल्यावर चाकांचें अलाइनमेंट व दिव्यांची दिशा पुन्हां जुळवून घ्यावी. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ गाडींतील फेरफारांस मर्यादा घालतें; म्हणून खर्चापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणें इष्ट.

पालकांनीं दुकानदारास दोन प्रश्न अवश्य विचारावे : या स्प्रिंगचा ताठपणा मूळच्यापेक्षां शेंकडा किती अधिक, आणि गाडी किती मिलिमीटर खालीं येईल? ज्यास याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याचा माल घेऊं नये.