रविवारचा गल्ला आणि २१ किलोमीटर

गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या तब्येतीवरच्या व्हिडिओत मी ओझरतं म्हणालो होतो की मी पळतो. त्यानंतर जीएसटीपेक्षा जास्त प्रश्न पळण्यावरच आले! वेळ कधी काढता, खर्च किती येतो, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न, शर्यत रविवारी असते तेव्हा दुकानाचं काय करता? व्हिडिओत मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी आमची अडचण सांगतो. आमचं दुकान अलिबागला. टोप्या, चपला, अर्ध्या चड्ड्या, मुलांच्या रबरी ट्यूब, असा माल. म्हणजे पाहुणा मुंबई-पुण्याहून निघताना जे विसरतो ते आम्ही विकतो. हा पाहुणा शनिवारी दुपारी उतरतो आणि रविवारी संध्याकाळी परततो. मुरूड, काशीद, श्रीवर्धन, दिवेआगर, कुठेही जा, किनाऱ्यावरच्या दुकानदाराचं गणित हेच. आठवड्याचा धंदा दीड दिवसात. आणि शर्यती भरतात रविवारी सकाळी, त्याही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दिवाळीची सुट्टी, नाताळ, ३१ डिसेंबर, सगळं त्यातच. सातारकरांचं बरं आहे, त्यांची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळा सरता सरता होते. आमच्या पट्ट्यात थंडीशिवाय पळण्यासारखी हवाच नसते आणि थंडी म्हणजेच सीझन.

त्यामुळे आमच्याकडे २१ किलोमीटरची तयारी पायांइतकीच दुकानाचीही करावी लागते.

पण पायांचं आधी. किनाऱ्यावर राहणाऱ्याला पळायला मोठी पुळण मिळते, फक्त ती रोज मिळत नाही. समुद्र ठरवतो. भरतीला उरते ती वरची भुसभुशीत वाळू, तिच्यात पाय रुततात आणि पोटऱ्या बोलायला लागतात. ओहोटीला उघडी पडते ती ओली, घट्ट वाळू मात्र डांबरापेक्षा मऊ आणि मैदानासारखी सपाट. मग ओहोटी कधी? मोबाईलवर ॲप आहेत, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांचा हिशोब मला जास्त आवडतो, कारण त्याला नेटवर्क लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पाच पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण, सव्वाअकरा. त्यात साधारण सहा तास पुढे-मागे केले की ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडे-तिकडे होतात, पण पळणाऱ्याला एवढं पुरतं.

आता यातली गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी पहाटे पाच-सहाला येते, म्हणजे नेमकी पळायच्या वेळेला. अष्टमीच्या आसपास पहाटे सहाला भरती असते, तेव्हा पुळण बंद. म्हणजे एक आठवडा वाळू, एक आठवडा रस्ता, असं वेळापत्रक चंद्रच लावून देतो. पळण्याचे कोच पैसे घेऊन सांगतात की पृष्ठभाग बदलत राहा, एकाच प्रकारच्या जमिनीवर पळू नका. आम्हाला ते कॅलेंडरवर छापून मिळतं. वाळूवर एक काळजी मात्र घ्यायची. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने पळत राहिलं तर एका पायावर जास्त ताण येतो. जेवढं गेलात तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या. आक्षी-नागावकडे सलग लांब पुळण आहे, तिथे हे छान जमतं. आणि उधाणाच्या दिवशी ओहोटी कितीही छान वाटली तरी कुलाबा किल्ल्याच्या बाजूला फार आत जाऊ नका. पाणी वळतं तेव्हा भराभर वळतं.

रस्त्याच्या आठवड्यात मी रेवदंड्याच्या दिशेने जातो. अलिबाग ते रेवदंडा साधारण सतरा-अठरा किलोमीटर. आक्षी, नागाव, चौल, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये अरुंद रस्ता. पहाटे सुंदर, आठनंतर पाहुण्यांच्या गाड्या. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने पळायचं आणि अंगात चमकणारं जाकीट घालायचं. चढाचा सराव हवा असेल तर पेणच्या रस्त्याला कार्लेखिंड आहेच. कुत्र्यांबद्दल वेगळा लेख होईल. मासळी घेऊन निघालेल्या एका मावशींनी पहिल्या महिन्यात मला रोज विचारलं, "काय रे, कोण मागे लागलंय?" आता त्या उशीर झाल्याबद्दल विचारतात.

आमच्या हवेचंही सांगतो, कारण पुण्याचे पळणारे इथे येऊन इथेच फसतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, मतलई वारा. तो मंद असतो, सूर्य वर येता येता पडतो, आणि खारा वारा सुरू व्हायला बराच उशीर असतो. मधले दोन-तीन तास हवा अंगाला चिकटते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून पुण्यात सहा मिनिटांत होणारा किलोमीटर इथे साडेसहा-सातचा धरावा, उगाच घड्याळाशी भांडू नये. मी एक साधी गोष्ट करतो. पळायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करतो. जेवढे किलो कमी, साधारण तेवढे लिटर पाणी गेलं. दीड तासात माझं सव्वा-दीड किलो उतरतं. ते नुसतं पाणी पिऊन भरायचं नाही. घामातून मीठही गेलेलं असतं, आणि लांब पळताना गरजेपेक्षा जास्त साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊन माणूस आडवा होऊ शकतो. ओआरएसचं पाकीट, नाहीतर मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत. आमच्याकडे दुसरं स्वस्तात मिळतं.

खर्चाचं बोलू. हा चॅनल धंद्याचा आहे, तेव्हा आकडा हवाच. खरा खर्च बुटांचा. समजा ४,८०० रुपयांचे बूट घेतले आणि ते ६०० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला ८ रुपये. माझं आठवड्याला ३० किलोमीटर होतं, म्हणजे २४० रुपये. आपल्यातले बरेच जण चहा-सिगरेटवर यापेक्षा जास्त घालवतात. पण खारं पाणी बुटाचा डिंक सोडवतं. वाळूवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, सावलीत वाळवा, उन्हात नको. मालाची काळजी घेतली की माल जास्त दिवस चालतो, हे दुकानदाराला मी काय सांगू!

वेळ पहाटेचा. पावणेपाचला उठतो, आठवड्यातून चार दिवस. तीन दिवस छोटं पळणं, तेही इतकं सावकाश की शेजारच्याशी वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. एक दिवस लांब. बाकीचं जग लांब पल्ला रविवारी करतं, मी बुधवारी करतो, कारण बुधवारी दुकान शांत असतं आणि दुपारी दोन तास आडवं होता येतं. दिवसभर उभं राहून गिऱ्हाईक करणाऱ्याने ते उभं राहणंसुद्धा मेहनतीत धरावं. पुस्तकातली वेळापत्रकं खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. मुख्य पाया पावसाळ्यात घालायचा. जूनपासून मांडव्याच्या लाँच बंद होतात, पाहुणा कमी होतो, दुकानात माश्या. तेव्हाच किलोमीटर साठवायचे, सीझनला खर्चायचे.

आता शर्यती. आमच्या किनाऱ्यावर दोन प्रकारच्या होतात. एक नोंदणीची: पायाला किंवा नंबराला चिप, टीशर्ट, पदक, केळी, फी हजाराच्या आसपास, आणि पळणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे. दुसरी गावाची: २६ जानेवारीला, नाहीतर एखाद्या मंडळाची, फी नाही किंवा नावाला, सुरुवात शिट्टीने, बक्षीस रोख आणि पाकिटात. पहिलीत मी वयोगटात मधोमध येतो. दुसरीत मागून मोजायचं. वाडीवरची कातकरी-ठाकरांची पोरं, कोळीवाड्यातली पोरं, पायात काही नाही, आणि पाचव्या किलोमीटरला त्यांची पाठसुद्धा दिसत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना दोराबजी टाटा पाहुणे होते. तिथे अनवाणी धावणारी खेड्यातली माणसं बघून त्यांना वाटलं, यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे. पुढच्या वर्षी अँटवर्पला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले ती २ तास ५० मिनिटांत पळून १९वे आले. २ तास ५० म्हणजे काय हे ज्याने एकदा तरी २१ किलोमीटर केलंय त्याला विचारा. आणि अलीकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, लता करे. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनला नऊवारीत, अनवाणी उतरल्या आणि ज्येष्ठांची ३ किलोमीटरची शर्यत जिंकल्या. त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं आणि ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. लोक टाळ्या वाजवतात ते लुगड्याला. मला त्यात बक्षिसाचं पाकीट दिसतं. ते पाकीट नसतं तर त्या तिथे आल्याच नसत्या.

म्हणून माझं आयोजकांशी एक भांडण आहे, आणि ते मी त्यांच्या मीटिंगमध्येही मांडलंय. रस्ता आमच्या गावांचा, पहाटे तीन तास बंद होतो तो आमच्यासाठी, आणि वाडीवरच्या मुलाला हजार रुपये भरल्याशिवाय त्यावर पळता येत नाही, हे बरोबर नाही. तालुक्यातल्या मुलांसाठी शंभर नंबर मोफत ठेवा आणि पहिल्या पाचांना रोख द्या. त्याचा खर्च एका मोठ्या फलकापेक्षा जास्त येणार नाही. टीशर्ट, पदकं बाहेरून येतात, निदान नाश्ता तरी गावातल्या बचत गटाकडून घ्या. एका आयोजकाने यंदा पोहे गावातून घेतले. नंबरांचं अजून "बघू" चाललंय.

दुकानदारांचंही एक ऐकून घेतो. "रस्ता बंद, धंदा बुडतो." मी माझ्या वहीत बघितलं. शर्यत साडेआठ-नऊला संपते, आमचं गिऱ्हाईक दहानंतर बाहेर पडतं. उलट पळायला आलेला माणूस शनिवारी रात्रीच खोली घेतो, बरोबर बायको-मुलं आणतो, आणि ती मुलं दहा वाजता ट्यूब मागतात. बुडतो तो दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा वेळ. त्यांची तक्रार खरी आहे, त्यांना सोडण्याची सोय झाली पाहिजे.

आणि माझं दुकान? पहिल्या २१ किलोमीटरच्या वेळी घरात यावरून चांगलीच धुसफूस झाली. डिसेंबरातला रविवार, आणि मालक गळ्यात नंबर अडकवून रस्त्यावर. बाबांचं म्हणणं सरळ होतं, "दुकान सोडून पळणारा मालक मी पहिल्यांदाच बघतोय." आमच्याकडे किमती पहिल्यापासून डोक्यात. कोणत्या टोपीला किती, कुणाला किती सोडायचे, सगळं तोंडी. दुकानातल्या मुलाला एकट्याने उघडायला सांगायचं तर ते डोक्यातलं बाहेर काढावं लागणार. बायकोने आणि मी मिळून तीन रात्री बसून प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली, त्याखाली लहान अक्षरात शेवटची किंमत. सुट्ट्या पैशांचा डबा मोजून ठेवला, क्यूआरचा स्पीकर मोठ्या आवाजात लावला. आधी दोन बुधवारी त्याने एकट्याने उघडून बघितलं, मी मुद्दाम रेवदंड्यापर्यंत जाऊन उशिरा आलो.

शर्यतीच्या दिवशी सोळाव्या किलोमीटरपर्यंत माझ्या डोक्यात पोटऱ्या नव्हत्या, कुलूप होतं. उघडलं असेल का, सुट्टे पुरतील का. सतराव्यानंतर पायांनीच एवढा आवाज केला की दुकान विसरलो. २ तास २१ मिनिटं लागली. साडेनऊला दुकानात पोचलो तर मुलगा दोन गिऱ्हाइकं एकदम करत होता. मला बघून म्हणाला, "दादा, तुम्ही बसा जरा, पाय हलतायत तुमचे." संध्याकाळी गल्ला मोजला. त्या आधीच्या रविवारपेक्षा चारशे रुपये कमी होते, आणि एका लहान ट्यूबचा हिशोब लागला नाही. चिठ्ठ्या मात्र अजून आहेत. गेल्या मे महिन्यात बायकोच्या माहेरी लग्न होतं, आम्ही सगळे तीन दिवस नव्हतो आणि दुकान चालू होतं.

यंदा त्या मुलाने ५ किलोमीटरला नाव घातलंय. वरसोलीच्या पुळणीवर संध्याकाळी पळतो, माझ्यापेक्षा बराच जोरात. माझं २१. शर्यत एकाच रविवारी, नाताळच्या आधीच्या. त्या दिवशी दुकान कोण उघडणार यावर घरात आठवडाभर बोलणं चाललं होतं. परवा बाबांनी चिठ्ठ्यांवरची शेवटची किंमत वाचता येईल असा चष्मा करून आणला आणि किल्ली मागून घेतली.