लंडन किती लांब?

मुलगा नोकरीसाठी लंडनला निघाला, तेव्हा आईनं मला विचारलं, "लंडन किती लांब रे?" मी पडलो बँकेतला माणूस, आकडा तोंडावर. "मुंबईहून सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर." तिचा चेहरा कोराच. मग म्हणालो, "विमानानं साडेनऊ-दहा तास." तिला एकदम हायसं वाटलं. "मग काय, रातराणीनं मुंबईला जाण्याएवढंच की!"

हिशेब फारसा चुकला नव्हता. कोल्हापूर-मुंबई सडकेनं जेमतेम ३८० किलोमीटर. लंडनच्या अंतराचा एकोणिसावा हिस्सा. तरी गाडी सात-आठ तास खाते. लंडनहून परत येताना तर वेळ आणखी कमी लागतो. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला पाठीमागून रेटा देतात.

आपल्या कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले, तेव्हा हे अंतर आठवड्यांत मोजत. कोल्हापूरला आगगाडी यायची होती १८९१ मध्ये. सुएझ कालवा मात्र आदल्याच वर्षी खुला झाला होता. इंग्लंड पाहून महाराज परत निघाले आणि वाटेत इटलीत, फ्लॉरेन्स शहरी, ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं त्यांचं स्मारक आजही उभं आहे. ते रेखाटलं मेजर मँट यांनी. आपला नवा राजवाडाही त्यांचाच. त्याच वर्षी मुंबई विलायतेशी समुद्राखालच्या तारेनं जोडली गेली होती. बातमी झपाट्यानं धावू लागली, माणसाला मात्र बोटच होती.

पुढं ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं आणि आठवड्यांचे तास झाले. आता पंचगंगा आणि थेम्स शेजारणी झाल्या, असं मीही मानून चाललो होतो.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत आई गेली. दुपारी दोन वाजता मी लंडनला फोन लावला. तिथं सकाळचे साडेआठ. पोरगा म्हणाला, "बाबा, मी निघालोच. थांबा." मी कागद-पेन्सिल घेतली. रात्री नऊचं विमान, दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई, पुढं सडक. म्हणजे घरी यायला रात्रीचे नऊ. एकूण एकतीस तास. त्यातले हवेत फक्त नऊ! बाकीचे बावीस तिकीट, रांगा, वाट पाहणं आणि आपला रस्ता.

घरातली वडीलधारी म्हणाली, रात्रभर ठेवू नये. निर्णय मला घ्यायचा होता. मी थांबलो नाही. संध्याकाळी पंचगंगेकाठी आईला निरोप दिला आणि मग त्याला कळवलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला तो होता. गार राख ओंजळीत घेऊन नुसता उभा राहिला. परतताना मला म्हणाला, "आजीला साडेनऊ तास सांगितले होते ना तुम्ही?"

आयुष्यभर व्याज दिवसांवर मोजलं, ताळा कधी चुकला नाही. इथं मात्र चुकला. आता कुणी विचारलं, लंडन किती लांब, तर मी विमानाचे तास सांगत नाही. म्हणतो, मुलाला एकदा फोन करा आणि विचारा, आत्ता निघालास तर कधी पोचशील? तेवढंच ते लांब.