हरणाच्या डोक्यात नाही, छातीतच गोळी का मारतात?

नोव्हेंबर आला की अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ आपल्याही फीडमध्ये येऊन धडकतात. केशरी जॅकेट घातलेला माणूस, समोर हरीण, एक बार, आणि हरीण उधळून झाडीत गायब. खाली कमेंट ठरलेली: "नेम चुकला भाऊचा." दुसरी त्याहून ठरलेली: "सरळ डोक्यात मारायची ना!"

बऱ्याचदा या दोन्ही कमेंट चुकीच्या असतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेतलं गणित वेगळं आहे. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलं होतं, आज ते ३ कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. लांडगे बहुतेक भागांतून केव्हाच संपले. त्यामुळे शेतीचं नुकसान, रस्त्यावरचे अपघात हे नेहमीचंच. (न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला परसबागेबद्दल विचारून बघा!) म्हणून तिथं लायसन्स घेऊन, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत शिकार करता येते.

हरीण मारावं की नाही हा वाद वेगळा. पण मारायचं ठरलं, तर ते काही सेकंदांत मरेल की दोन-तीन दिवस तडफडेल, हे गोळी कुठं लागते यावर ठरतं.

आता डोक्याचं बघू. हरणाचं डोकं मोठं दिसतं, पण मेंदू लहान असतो आणि तो बराच मागे असतो. शिवाय हरीण मान सतत हलवत असतं. गोळी चार बोटं इकडेतिकडे गेली तर जबडा फुटतो. असं हरीण पळून जातं, पण त्याला चरता येत नाही, पाणी पिता येत नाही. ते उपाशी मरतं.

छातीत मात्र हृदय आणि दोन्ही फुफ्फुसं जवळजवळ असतात. ही जागा साधारण जेवणाच्या ताटलीएवढी. म्हणून तर कित्येक शिकारी सरावाला कागदी प्लेट टांगतात. हरीण आडवं उभं असेल, तर पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाजवळ नेम धरायचा असं शिकवलं जातं. थोडं चुकलं तरी फुफ्फुस सापडतंच.

मग हरीण पळतं कसं? हृदय फुटलं तरी मेंदूत आणि स्नायूंत काही सेकंद पुरेल एवढा ऑक्सिजन शिल्लक असतो. तेवढ्यात घाबरलेलं हरीण शंभर मीटर सहज कापतं आणि कोसळतं. व्हिडिओत 'नेम चुकला' असं वाटतं ते हेच.

हरीण कुठल्या कोनात उभं आहे, तेही महत्त्वाचं. ते तिरकं, पलीकडे तोंड करून उभं असेल तर गोळी बरगड्यांमागून आत शिरून पुढे छातीपर्यंत जाते. तेव्हा नेम धरताना पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घ्यायचा. पाठमोरं असेल तर थांबायचं. गोळी आतड्यात गेली तर मरण लांबतं आणि मांसही नासतं.

धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांची आणखी पंचाईत. आधुनिक बाण सेकंदाला साधारण ९० मीटर जातो, आवाज ३४० मीटर. म्हणजे ३० मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाण पोहोचायच्या पाव सेकंद आधी ऐकू येतो. उडी घेण्यासाठी ते खाली दबतं, आणि बाण पाठीवरून जातो किंवा नको तिथं लागतो. त्यात खांद्याचं हाड आडवं आलं तर बाण आत शिरतच नाही. त्यामुळे धनुर्धारी अंतर कमी ठेवतात आणि हरीण बेसावध असेल तेव्हाच बाण सोडतात.

मला स्वतःला यातला सगळ्यात अवघड भाग वाटतो तो बार झाल्यानंतरचा. कारण तेव्हा धावत जायचं नसतं.

हरीण उभं होतं तिथलं रक्त आधी नीट बघायचं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस. अर्ध्या तासाने माग काढायचा. गडद लाल असेल तर यकृत. काही तास थांबायचं. हिरवट घाण आणि उग्र वास आला तर आतडं. सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त. जखमी हरीण जवळच्या झाडीत बसतं. लगेच मागे लागलात तर ते उठून आणखी दूर जातं आणि मग सापडतच नाही. यासाठी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पट्ट्याला बांधलेला, माग काढायला शिकवलेला कुत्रा सोबत नेण्याची परवानगी आहे.