माधवराव शिंदे : संस्थानिक ते संसदपटू

माधवराव जिवाजीराव शिंदे हे 1971 ते 2001 अशी सलग तीस वर्षे लोकसभेचे सदस्य होते. या काळात त्यांनी नऊ सार्वत्रिक निवडणुका लढवल्या आणि नऊही जिंकल्या. ते वेगवेगळ्या वेळी जनसंघाचे, अपक्ष, काँग्रेसचे आणि स्वतःच्या प्रादेशिक पक्षाचे उमेदवार होते. पक्ष बदलले तरी मतदारांनी त्यांना एकदाही नाकारले नाही. उत्तर भारतात सिंधिया या नावाने ओळखले जाणारे हे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. राणोजी शिंद्यांनी माळव्यात त्याचा पाया घातला, महादजींनी दिल्लीपर्यंत दबदबा निर्माण केला आणि दौलतरावांच्या काळात राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला आली. ब्रिटिश अमदानीत 21 तोफांच्या सलामीचा मान असलेल्या मोजक्या संस्थानांपैकी ग्वाल्हेर एक होते.

माधवरावांचा जन्म 10 मार्च 1945 रोजी मुंबईत झाला. वडील जिवाजीराव हे ग्वाल्हेरचे अखेरचे सत्ताधारी महाराज. संस्थान विलीन झाल्यावर 1948 ते 1956 या काळात ते मध्य भारत राज्याचे राजप्रमुख होते. 1961 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा माधवराव सोळा वर्षांचे होते. महाराज हा किताब त्यांच्याकडे आला, पण राज्य केव्हाच गेले होते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सिंधिया स्कूल, इंग्लंडमधील विंचेस्टर आणि ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले.

घरात राजकारण आईने आणले. राजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विजयाराजे शिंदे 1957 मध्ये गुना मतदारसंघातून आणि 1962 मध्ये ग्वाल्हेरमधून काँग्रेसच्या खासदार झाल्या. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी बिनसल्यावर त्यांनी 1967 मध्ये काँग्रेस सोडली. त्याच वर्षी काँग्रेसच्या 36 आमदारांनी पक्षांतर केले, मिश्र सरकार कोसळले आणि गोविंद नारायण सिंह यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. या सत्तांतराचे सूत्रचालन राजमातांकडे होते. पुढे त्या जनसंघाच्या आणि नंतर भाजपच्या अग्रगण्य नेत्या झाल्या.

माधवरावांचे पहिले पाऊल आईच्याच वाटेवर पडले. 1971 ची निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेची होती, पण जुन्या ग्वाल्हेर संस्थानाच्या पट्ट्यात ती लाट अडली. भिंडमधून विजयाराजे, ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी आणि गुनातून माधवराव असे जनसंघाचे तिघेही निवडून आले. माधवराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि त्यांचे तनखे रद्द झाले. महाराज म्हणून असलेला कायदेशीर दर्जा गेला आणि त्याच वर्षी मिळालेली खासदारकी हीच माधवरावांची सार्वजनिक ओळख उरली.

आणीबाणीने मायलेकांच्या वाटा वेगळ्या केल्या. विजयाराजेंना तुरुंगवास घडला. माधवराव काही काळ नेपाळमध्ये राहिले. परतल्यावर ते जनसंघापासून दूर झाले आणि 1977 मध्ये गुनातून अपक्ष उभे राहिले. त्या वेळी उत्तर भारतात जनता पक्षाची लाट होती आणि मध्य प्रदेशातील 40 जागांपैकी काँग्रेसला अवघी एक मिळाली होती. तशा वातावरणातही ते जिंकले. 1980 मध्ये त्यांनी काँग्रेसच्या चिन्हावर गुना राखले. त्याच निवडणुकीत विजयाराजे रायबरेलीत इंदिरा गांधींच्या विरोधात लढल्या आणि हरल्या. हा दुरावा नुसता पक्षापुरता उरला नाही. घरातील संबंध आणि मालमत्तेचे प्रश्नही त्यात गुंतले आणि दोघांमधील अबोला देशभर चर्चेचा विषय झाला.

1984 च्या निवडणुकीने माधवराव राष्ट्रीय पातळीवरचे नेते झाले. वाजपेयी ग्वाल्हेरमधून उभे होते. हे त्यांचे जन्मगाव होते आणि राजमातांचे पाठबळही त्यांच्या पाठीशी होते. काँग्रेसने अर्ज भरण्याच्या शेवटच्या घटकेला माधवरावांना गुनाऐवजी ग्वाल्हेरला उतरवले. वाजपेयींना दुसरीकडे अर्ज भरण्याइतका वेळही उरला नाही. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूती आणि महालाविषयीची निष्ठा एकत्र आली, आणि माधवरावांनी पावणेदोन लाखांच्या आसपास मताधिक्याने विजय मिळवला.

राजीव गांधींनी त्यांच्याकडे रेल्वे खाते सोपवले. आधी राज्यमंत्री आणि 1986 पासून 1989 पर्यंत स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री म्हणून त्यांनी काम केले. घराण्याच्या पुण्याईवर निवडून आलेला हा माणूस कारभारातही वाकबगार आहे, हे या खात्याने सिद्ध केले. त्या काळात आरक्षण म्हणजे जाडजूड नोंदवह्या, प्रत्येक गाडीची वेगळी खिडकी आणि तासन्‌तास रांग. 1986 मध्ये दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत ते मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांत पोहोचले. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. 1988 मध्ये, नेहरूंच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, पहिली शताब्दी एक्सप्रेस दिल्लीहून ग्वाल्हेर-झांशीच्या मार्गावर धावली. दिवसा बसून जायचे, खाण्यापिण्याची सोय गाडीतच आणि त्याच दिवशी गाडी परत, ही या गाडीची खासियत होती. ही गाडी त्या काळी देशातली सर्वात वेगवान गाडी ठरली. याच वर्षी कंटेनर वाहतुकीसाठी कंटेनर कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली.

पी. व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात 1991 मध्ये त्यांना नागरी विमान वाहतूक आणि पर्यटन ही खाती मिळाली. 1953 च्या कायद्यामुळे नियमित हवाई प्रवासी वाहतूक एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी महामंडळांच्याच हाती होती. माधवरावांच्या काळात हवाई टॅक्सीच्या परवान्यांवर खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. 1992 मध्ये ईस्ट वेस्ट एअरलाइन्सची विमाने उडू लागली. जुना कायदा रद्द झाला तो 1994 मध्ये, त्यांनी खाते सोडल्यानंतर.

ते खाते त्यांनी सोडले ते स्वतःहून. 1992 च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू होता आणि सेवा चालू ठेवण्यासाठी परदेशी विमाने भाड्याने घेतली होती. त्यातले उझबेकिस्तानचे एक विमान 9 जानेवारी 1993 रोजी दिल्लीत दाट धुक्यात उतरताना कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तरीही माधवरावांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. 1956 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी रेल्वे अपघातानंतर घालून दिलेल्या परंपरेतले हे एक उदाहरण आहे, आणि भारतीय राजकारणात अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

क्रिकेट हा त्यांचा आवडता खेळ. 1990 ते 1993 या काळात ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. वर्णभेदामुळे बहिष्कृत असलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला तो त्यांच्याच कारकिर्दीत. 10 नोव्हेंबर 1991 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर तो भारताविरुद्ध खेळला.

1995 मध्ये ते मनुष्यबळ विकास मंत्री म्हणून मंत्रिमंडळात परतले, पण जानेवारी 1996 मध्ये राजकारण्यांना लाच दिल्याच्या जैन हवाला प्रकरणात नाव आल्याने त्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. पुढे ते आरोप न्यायालयात टिकले नाहीत. पण तोवर 1996 ची निवडणूक आली आणि काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली. त्यांनी मध्य प्रदेश विकास काँग्रेस हा पक्ष काढला आणि ग्वाल्हेर मोठ्या फरकाने जिंकले. काही काळाने ते काँग्रेसमध्ये परतले. 1998 मध्ये मात्र भाजपच्या जयभानसिंह पवैय्यांनी त्यांना कडवी झुंज दिली आणि मताधिक्य बरेच घटले. 1999 मध्ये ते पुन्हा गुनातून उभे राहिले आणि नवव्यांदा निवडून आले. सोनिया गांधी विरोधी पक्षनेत्या असताना ते लोकसभेत काँग्रेसचे उपनेते होते.

मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्रिपद त्यांना लाभले नाही. 1989 च्या सुरुवातीला अर्जुन सिंह यांना पद सोडावे लागले, तेव्हा माधवरावांचे नाव आघाडीवर होते. पक्षातल्या विरोधामुळे मोतीलाल व्होरांची निवड झाली. 1993 मध्ये राघोगढ घराण्यातील दिग्विजय सिंह मुख्यमंत्री झाले. माधवरावांचा प्रभाव ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात निर्विवाद होता, पण विंध्य, महाकोशल, छत्तीसगड या भागांत पक्षाची सूत्रे इतरांच्या हाती होती. जुन्या संस्थानाच्या सीमांनी त्यांना हक्काचे मतदार दिले आणि राज्यभर पसरण्याच्या आड त्याच सीमा आल्या.

30 सप्टेंबर 2001 रोजी कानपूरच्या सभेला जाताना उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात त्यांचे छोटे विमान कोसळले. त्यात माधवरावांसह आठ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी जानेवारीत विजयाराजेंचे निधन झाले होते. 2002 च्या पोटनिवडणुकीत पुत्र ज्योतिरादित्य गुनातून निवडून आले. 2019 मध्ये तिथेच त्यांचा पराभव झाला, 2020 मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि 2024 मध्ये त्यांनी गुना पुन्हा जिंकले. माधवरावांची बहीण वसुंधरा राजे दोन वेळा राजस्थानच्या मुख्यमंत्री झाल्या. घराण्याचे राजकारण असे पुढे चालू राहिले. माधवरावांचे स्वतःचे स्थान मात्र प्रवाशांच्या सोयीची रेल्वे, खुले झालेले आकाश आणि चूक आपली नसताना सोडलेले मंत्रिपद यांवर उभे आहे. जन्माने मिळालेला मान लोकशाहीत कामाने पुन्हा कमवावा लागतो, हे ओळखून वागलेल्या संस्थानिकांत त्यांचे नाव वरच्या रांगेत घ्यावे लागते.