आधी थांबायचं बघ

गाडी ट्रॅकवर न्यायची ठरली, की पोरं पहिल्यांदा रिमॅपची चौकशी करतात. ‘मामा, इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं तर तीस घोडे वाढतात म्हणे.’ वाढत असतील. मी विचारतो, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? मग समोरचा मोबाइल काढून उगाच काहीतरी बघायला लागतो.

जळगावात माझं गॅरेज आहे आणि घर असोद्याला. असोदा म्हटलं की लोकांना बहिणाबाई आठवतात, नाहीतर भरिताची वांगी. शर्यतीच्या गाडीशी या गावाची सोयरीक जोडली ती माझ्या भाच्याने. त्याने सेकंडहँड पोलो जीटी घेतली, एक लिटरचं टर्बो इंजिन, एकशे दहा घोड्यांची. खऱ्या अर्थाने ही स्पोर्ट्स कार नव्हे, पण आपल्याकडे ट्रॅकवर येणाऱ्या गाड्यांत अशा हॅचबॅकच जास्त दिसतात, आणि तयारीचे नियम पोर्शेलाही हेच.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही, हे घरच्यांना समजावताना माझा घसा कोरडा पडला. बंद ट्रॅक एक दिवस भाड्याने घेतलेला असतो. समोरून वाहन येत नाही, रस्त्यात म्हैस नाही, वाकड्यातिकड्या निघालेल्या मोटारसायकली नाहीत. पंधरा-वीस मिनिटांची एकेक फेरी असते. नवशिके वेगळे, मुरलेले वेगळे. पुढच्याने हाताने इशारा केल्याशिवाय ओलांडायचं नाही, आणि तेही ठरवून दिलेल्या जागीच. बक्षीस नाही, नंबर नाही. हायवेवर हीच हौस केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या बायपासवर रात्री अकरानंतर जे चालतं ते बघता हे कलम कुणी वाचलेलं दिसत नाही.

अडचण अंतराची. ग्रेटर नोएडाजवळचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट जळगावहून हजार-अकराशे किलोमीटर. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणं १६. फॉर्म्युला वनच्या शर्यती इथे २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटलने जिंकल्या. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९०पासूनचा. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, नवशिक्याला उत्तम, पण आम्हाला तो दिल्लीहूनही लांब. इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा मोठा लंबगोल ट्रॅक आहे, आम्हाला अगदी हाताशी, पण तो कंपन्यांच्या गाड्या तपासण्यासाठी बांधलेला. महाराष्ट्रात बुद्धच्या तोडीचं काही नाही. तरी पुण्याच्या डायना पुंडोल यांनी २०२४मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर, पुरुषांच्या बरोबरीने उतरून, सलून कार गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलंच. तेव्हा अंतराचं रडगाणं मी फार ऐकून घेत नाही; आम्ही बुद्धच गाठायचं ठरवलं.

आता ब्रेककडे येतो, कारण माझ्या मते निम्मी तयारी तिथेच आहे.

बुद्धच्या तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमधली सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्या शेवटी उजवीकडे एकदम आवळलेलं वळण. ड्रायव्हरसकट १२०० किलोची गाडी तिथे १६०च्या वेगाने आली आणि ८०वर आणली, तर जेवढी ऊर्जा मारावी लागते तेवढ्यात अडीच लिटर साधं पाणी उकळायला लागेल. हे एका ब्रेकमध्ये, चार-पाच सेकंदांत. ती उष्णता बहुतेक सगळी डिस्क आणि पॅडमध्ये जाते, त्यातही पुढच्या चाकांच्या, कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं. डिस्क थंड व्हायच्या आत पुढचं वळण हजर. चकरेमागून चक्कर हेच. गावातल्या गाडीला आयुष्यात असा दिवस बघावा लागत नाही. कन्नडच्या घाटातून भरलेला ट्रक उतरवणाऱ्या ड्रायव्हरला मात्र हे सांगावं लागत नाही. तो खालचा गियर टाकून इंजिनावर गाडी रोखतो, ब्रेक जपून ठेवतो.

तापल्यावर ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि दोन्ही पायाला वेगळ्या कळतात. पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापला की पेडल पहिल्यासारखंच टणक लागतं, पाय जीव खाऊन दाबतो, पण गाडी हवी तशी थांबत नाही. इथे निदान काहीतरी धरत असतं. दुसरी तऱ्हा वाईट: ब्रेक ऑइलच उकळतं. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय फक्त वाफ दाबत बसतो. पेडल सरळ खाली, जमिनीला.

ते उकळतं कशाने, तर पाण्याने. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीचं झाकण कितीही घट्ट असलं तरी. डीओटी फोर प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकलं पाहिजे असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तीच हमी १५५वर येते. फाइव्ह पॉइंट वन घेतलं तर २६० आणि १८०. खास रेसिंगची ऑइलं तीनशेच्या वर जातात, पण ती वरचेवर बदलावी लागतात. नुसतं डीओटी फाइव्ह मात्र या गाड्यांत घालू नये; ते सिलिकॉनचं, जात वेगळी. नंबर मोठा म्हणून डबा उचलून आणणारे मी पाहिलेत.

भाच्याच्या गाडीचं ऑइल काढलं तेव्हा ते चहाच्या रंगाचं निघालं. चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढत, नवं ऑइल काचेसारखं स्वच्छ यायला लागेपर्यंत पंप मारला. मी निपलशी बसलो होतो आणि तो पेडलवर: ‘दाब... धर... सोड.’ माझे वडील, आबा, खाटेवरून बघत होते. तरुणपणी त्यांनी शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी सांभाळलेली. म्हणाले, “गाडी पयवाची हाये का उभी कराची?” मग आपणच म्हणाले, “पटाची जोडी आदल्या दिवशी औताले जुपत नाही रे भो.” या वाक्याचा उपयोग मला पुढे झाला.

पॅड बदलले, थोडे जास्त उष्णता सोसणारे घेतले. नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नसतं. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, साठवरून वीसपर्यंत बऱ्याच वेळा हळूहळू दाबत आणायचं, मध्ये थंड होऊ द्यायचं, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो.

टायरबद्दल एवढंच, की नक्षी बघण्याआधी वय बघा. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३२१ म्हणजे २०२१च्या तेविसाव्या आठवड्यातला. कडक झालेला जुना टायर नवा दिसला तरी धरत नाही. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजून लिहून ठेवायची. ट्रॅकवर ती सहा-आठ पीएसआयने सहज चढते, तेव्हा फेरीनंतर गरम असतानाच मोजून जादाची सोडायची. आणि परतीच्या रस्त्याला लागण्याआधी टायर थंड झाले की पुन्हा भरायची, हे विसरतात लोक. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने, पोलोला १२० न्यूटन मीटर. पाय देऊन पाना दाबायची आमची जुनी पद्धत इथे बंद.

मग गाडी रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, पायाखालच्या मॅट, दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा. ब्रेकच्या पेडलखाली गडगडत आलेली पाण्याची बाटली काय करू शकते, ते सांगायला नको. बहिणीने डिकीत ठेवलेला कळण्याच्या भाकरीचा डबाही पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागी, उतरवला; त्याचं पुढे बरंच कौतुक झालं.

आता ड्रायव्हर. आमचं पोरगं रात्रभर गाडी चालवून सकाळी ट्रॅकवर उतरणार होतं. तिथे आबांचं पटाचं वाक्य कामाला आलं; एक दिवस आधी निघालो, रात्री झोपलो. थंडीतसुद्धा हेल्मेट, बंद एसी आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट यांत घाम भरपूर जातो, म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी. कपडे सुतीच, कारण आग लागली तर सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे, पेडलची चाहूल लागली पाहिजे.

बसायची पद्धत मी गॅरेजमध्येच दुरुस्त केली. खांदे सीटला टेकलेले ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सिनेमातल्यासारखं लोळून बसलं की जोरात ब्रेक दाबताना माणूसच सीटवरून घसरतो. हात पावणेतीनच्या काट्यांसारखे. ब्रेक सरळ रेषेत मारून घ्यायचा, मग वळायचं, आणि वळण उलगडायला लागलं की रेस द्यायची. नजर बॉनेटवर ठेवायची नाही. जिकडे जायचंय तिकडे, पुढच्या वळणाच्या आतल्या कडेकडे.

सकाळी तपासणी झाली: बॅटरी घट्ट आहे का, कुठे ऑइल गळतंय का, ओढायचा हुक लावलाय का. मग झेंड्यांचा धडा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश पिटमध्ये ये. काळा तुझ्यासाठीच आहे, आत येऊन बोलणी खा. एक कागदही सही करून घेतात, आणि तो वाचावा. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. कुंपणाला गाडी घासली तर खर्च आपल्या खिशातून.

दुसऱ्या फेरीत आमच्या डोळ्यांसमोर एक चकचकीत सेडान चौथ्या वळणाला न वळता सरळ बाहेर गेली. माणसाला खरचटलंही नाही. पिटमध्ये ओढून आणल्यावर मालक सांगत होता, पेडल एकदम खाली गेलं. इंजिनावर त्याने चिक्कार खर्च केला होता. ब्रेक ऑइल कंपनीने भरलेलं, चार वर्षांपूर्वीचं.

भाच्याला मी प्रत्येक फेरीतली शेवटची चक्कर ब्रेकला जवळजवळ हात न लावता मारायला लावली, वारा लागून डिस्क थंड व्हाव्यात म्हणून. आत आल्यावर हॅन्डब्रेक ओढायचा नाही, गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला ओट द्यायची. तापलेल्या ब्रेकला एकाच जागी आवळून ठेवलं की तो तिथेच भाजतो. दुपारी त्याचा वेग बऱ्यापैकी वाढला होता. चौथ्या फेरीत एका वळणाला मागचं चाक किंचित सुटलं, तेव्हा त्याने स्वतःच वेग उतरवून आत घेतली आणि म्हणाला, थकलोय. पाचवी फेरी बाकी होती, पैसेही भरलेले होते. मी हेल्मेट काढून ठेवायला सांगितलं.

परत निघण्याआधी तिथेच जॅक लावून जुने पॅड पुन्हा चढवले, कारण जास्त उष्णतेचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि यमुना एक्सप्रेसवेवर पहाटे धुक्यात पहिलाच ब्रेक उपयोगाचा लागतो. ट्रॅकचे पॅड मोजले, निम्म्याहून थोडे जास्त उरले होते. पुढच्या वेळी चालतील का, त्याने विचारलं. चालतील, म्हटलं, पण दुसरा जोड सोबत घेऊन, आणि ऑइल पुन्हा नवं.