हा खोकला क्षयाचाच असेल काय?

घरातील कर्त्या पुरुषाला महिनाभर खोकला येत असतो. “विडीचा खोकला आहे, जाईल आपोआप,” असे म्हणून तो ते मनावर घेत नाही. पुढे थुंकीत रक्त दिसले, की घरची माणसे घाबरतात व क्षयाचा संशय घेतात. आपल्या देशात क्षय बराच आढळत असल्याने हा संशय वावगा नाही. परंतु हीच लक्षणे फुप्फुसाच्या कर्करोगाचीही असू शकतात. थुंकीत क्षयाचे जंतू न सापडताही केवळ अंदाजाने क्षयाची औषधे घेत राहिल्यास उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात.

धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण होय. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली हा संबंध स्पष्टपणे दाखवून दिला. विडी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी असते, हा समज खोटा आहे. विडी ओढणाऱ्याच्या धुराने घरातील इतरांनाही अपाय होतो. चुलीचा धूर, दूषित हवा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हीदेखील या रोगाची कारणे आहेत. म्हणूनच कधीही विडी न ओढलेल्या स्त्रीलाही हा रोग होऊ शकतो.

तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा किंवा एकाएकी बदललेला खोकला, थुंकीतून रक्त, छातीत दुखणे, धाप लागणे, आवाज बसणे, कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. थुंकीच्या तपासणीबरोबरच छातीचे क्ष-किरण चित्र घेतले जाते. शंका उरल्यास सीटी स्कॅन करतात. मात्र रोगाचा निश्चित निर्णय गाठीचा लहानसा तुकडा तपासूनच होतो. तुकडा काढल्याने रोग पसरेल, या भीतीने ही तपासणी टाळू नये.

रोग एकाच जागी असताना कळला, तर शस्त्रक्रियेने तो समूळ बरा होण्याची आशा असते. पसरलेल्या रोगावर किरणोपचार व औषधे देतात. काही रोग्यांच्या गाठीतील जनुकीय बदल पाहून नेमके औषध निवडता येते. काहींना शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे उपयोगी पडतात. रोग बरा होण्यासारखा नसला, तरी वेदना व धाप कमी करणे हाही उपचारच आहे.

विडी आजच सोडावी. उशिरा सोडली तरी लाभ होतोच. आणि घरात कुणाचा खोकला लांबला, तर त्याला “अंगावर काढू नका” असे नुसते सांगून थांबू नये. हाताला धरून दवाखान्यात न्यावे.