जुन्या कारभाऱ्याची निवृत्ति

लग्नघरीं कोठावळा येण्यापूर्वींच चूल पेटवावी लागते. अशा वेळीं घरांतलें कोणी तरी सामान काढून देतें, दिलेल्याची नोंद ठेवतें, आणि कोठावळा येतांच उरलेलें सामान हिशेबासह त्याच्या स्वाधीन करतें. संगणक सुरू होतांनाहि असेंच घडतें. स्मृतीची वांटणी करणारी कायमची व्यवस्था उभारावयासच प्रथम थोडी स्मृति लागते. ती देणारा तात्पुरता कारभारी निराळा असतो.

लिनक्स प्रणालीच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नलमध्यें, १९९९ पासून हें काम 'बूटमेम' करी. स्मृतीचीं पानें पाडलेलीं असतात. बहुधा ४,०९६ बाइटांचें एक पान. दर पानामागें तो एक खूण राखी. पण ही खूणवही ठेवावयासहि आधीं जागा शोधावी लागे! २०१० मध्यें 'मेमब्लॉक' ही पद्धति आली. तिच्या मुख्य याद्या दोनच: स्मृति कोठें कोठें आहे, आणि तींतली कोणती गुंतलेली आहे.

मग जुना कारभारी लगेच कां काढला नाहीं? कारण कित्येक यंत्रजाति त्याच्यावर विसंबून होत्या. या टप्प्यावर चूक झाली तर यंत्र सुरूच होत नाहीं. पुष्कळदां पडद्यावर तक्रारीचें अक्षरहि उमटत नाहीं. उलट, दोघांना ठेवावें, तर दोन हिशेब सांभाळणें आलें. म्हणून एकेक यंत्रजाति नव्या पद्धतीवर आणली गेली, आणि डिसेंबर २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ४.२० या आवृत्तींत बूटमेम उरला नाहीं.

जुन्याला निरोप देण्यापूर्वीं त्याच्यावर विसंबलेल्यांची सोय लावावी लागते. या आठ वर्षांची हकीकत एवढीच आहे.